अम्माचं मापटं

आमच्या घरात माणसांशी बोलणं दखनीत आणि जनावरांशी मराठीत. असं कुणी ठरवलेलं नाही, पण पिढ्यान्पिढ्या चालत आलंय. अम्मा आम्हाला "इदर आव रे" म्हणून हाक मारते आणि त्याच दमात वळून गाईला म्हणते, "सरक गं बाई, सरक पलीकडं." गाय सरकते. आम्ही मात्र तीन हाकांशिवाय उठत नाही.

सांगोला तालुक्यात आमची सात एकर जमीन आहे. त्यातली तीन एकर पाण्याखाली, बाकी जिरायत. आम्ही दोघं भाऊ, दोघांच्या बायका, पोरं आणि अम्मा. दावणीला तीन संकरित गाई, तारेच्या कुंपणात वीसेक मेंढरं. २०२१ पर्यंत एक म्हातारा खिलार बैलही होता. ह्या सगळ्यांना काय घालायचं, किती घालायचं, कशात कालवायचं, हा आमचा रोजचा विषय. घरात भांडणं झाली ती जमिनीवरून कमी आणि पेंडीवरून जास्त.

अब्बांच्या काळात एवढा विचार नव्हता. रब्बीची मालदांडी काढली की कडब्याची गंज रचायची, पेंढ्या मोजायच्या आणि वर्षाचा हिशेब तोंडी मांडायचा. बैल जुंपायच्या दिवसांत सरकी भिजवून घालायची, एरवी कडबा. गाय गावरान, दूध घरापुरतं. गंज मोठी असली की अब्बा निवांत झोपायचे.

मग संकरित गाई आल्या. कर्ज काढून आणल्या, म्हणजे दूध निघालंच पाहिजे. आणि नुसत्या कडब्यावर ही गाय दूध देत नाही, कारण कडब्यानं पोट भरतं पण त्यात प्रथिनं जेमतेम. पहिलं वर्षभर आम्ही दुकानदार देईल ती गोणी आणून ओतत होतो. पैसे दुधाचे यायचे आणि गोणीचे जायचे. शेवटी घरीच मिश्रण करायचं ठरलं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय डॉक्टरांनी वहीच्या कागदावर लिहून दिलेलं प्रमाण अजून गोठ्याच्या भिंतीवर चिकटवलेलं आहे. शंभर किलोला मक्याचा भरडा ३५, सरकी पेंड २५, गव्हाचा कोंडा १७, शेंगदाणा पेंड १०, तुरीची चुनी १०, क्षार मिश्रण २ आणि मीठ १. गाईला अंगाच्या पोषणासाठी दिवसाला साधारण एक किलो, आणि वर दर अडीच लिटर दुधाला एक किलो. पंधरा-वीस किलो हिरवा चारा, पाच-सहा किलो कडब्याची कुट्टी. कागदावर सोपं आहे.

अवघड असतं ते बाजारात. मक्याचा दाणा दाताखाली धरायचा. कट्कन फुटला तर वाळलेला, दबला तर ओला, मग भाव कितीही कमी असो, घ्यायचा नाही. पेंडीच्या खपलीला हिरवट-काळी छटा दिसली, कुबट वास आला की ती बुरशीची. त्या बुरशीचं विष गाईच्या पोटात जातं आणि तिथून दुधातही उतरतं. म्हणजे शेवटी आपल्याच पोरांच्या कपात. एकदा आम्ही पावसात भिजलेल्या शेंगदाणा पेंडीच्या चार गोण्या निम्म्या भावात आणल्या. भाभीनं गोणी उघडली, वास घेतला आणि कुणाला न विचारता चारही गोण्या उकिरड्यावर नेऊन ओतल्या. दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. आता पेंड आणायला तीच जाते.

२०१२-१३ च्या दुष्काळात गाई आणि बैल चारा छावणीत नेऊन बांधले. अब्बा कित्येक महिने तिथंच पालात राहिले. पहाटे दूध काढायचं, डेअरीला घालायचं, आणि दिवसभर वैरणीच्या ट्रकची वाट बघायची. ट्रकमधून बहुतेक वेळा उसाचं वाढं यायचं. वाढ्यानं जनावर जगतं खरं, पण त्यातलं ऑक्झॅलेट अंगातला चुना धरून ठेवतं. म्हणून अब्बा वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडायचे. शेजारच्या दावणीचे लोक हसायचे, मग त्यांनीही सुरू केलं. त्या छावणीतच आमच्या डोक्यात मेंढरं शिरली. मेंढराला पाणी कमी लागतं, खाणं कमी लागतं, आणि बकरी ईदेला पैसा होतो. २०१६ साली आम्ही माडग्याळी जातीची कोकरं घेतली.

इथून पुढचं सांगायला जड जातं.

२०१७ साली बकरी ईद २ सप्टेंबरला होती. अठरा नर होते, अंग धरलेले. ऑगस्टच्या सुरुवातीला व्यापारी येऊन बघून गेला. भाव जिवंत वजनावर ठरला आणि जाताना तो म्हणाला, "अजून दोन-तीन किलो चढले तर मजा येईल." तो त्याच्या धंद्याचं बोलला. हिशेब आम्ही केला. अठरा गुणिले तीन किलो. तोवर मेंढरामागे दीडशे ग्रॅम खुराक चालू होता, गाईच्याच मिश्रणातला. आम्ही चार दिवसांत तो सहाशे ग्रॅमवर नेला, आणि वाढवला तो सगळा मका. लवकर पचेल म्हणून गिरणीत पिठासारखा बारीक दळून आणला. अम्मा दारात बसून बघत होती. "जादा नक्को डालो बाबा," ती म्हणाली, "पेट है, थैली नई." आम्ही हसलो. तिनं आयुष्यभर दोन बैल आणि एक गाय सांभाळलेली; मेंढरातलं तिला काय कळतं, असं वाटलं.

पाचव्या दिवशी सकाळी मेंढरं गव्हाणीकडं आलीच नाहीत. मान टाकून उभी, दात करकर खात होती. पोट दाबलं तर आत पाणी डुचमळल्यासारखं लागे. पातळ, आंबूस वासाची हगवण. डॉक्टर येईपर्यंत तीन आडवी झाली होती. त्यांनी खाण्याचा सोडा पाजला, सलाईन लावलं, रात्री दहापर्यंत थांबले. तेरा वाचली. पाच गेली. त्यातलं एक घरच्या कुर्बानीचं होतं, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं. ते अम्मानं हातानं भाकरी घालून वाढवलं होतं.

डॉक्टरांनी एकाचं पोट उघडून दाखवलं. आत आंबलेल्या ताकासारखा वास आणि सगळा मका. ते म्हणाले, "भाऊ, ह्यांच्या पोटात चारा पचवणारे सूक्ष्म जीव असतात, त्यांना नव्या खाण्याची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. तुम्ही चार दिवस दिले. पिठाचं आम्ल झालं आणि तेच रक्तात भिनलं." मग त्यांनी खुराकाची पाटी बघितली, बाजूचा क्षार मिश्रणाचा डबा बघितला आणि विचारलं, "हा गाईचा डबा मेंढरांनाही?" आम्ही हो म्हणालो. तेव्हा कळलं की गाईच्या मिश्रणात तांबं असतं, गाईला ते लागतंच. पण मेंढराचं यकृत तांबं साठवत राहतं आणि एके दिवशी ते एकदम रक्तात सुटतं. लघवी लाल होते, डोळे पिवळे पडतात आणि मेंढरू जातं. ते आमच्याकडं अजून झालं नव्हतं, एवढंच. त्या दिवसापासून डबे दोन झाले. मेंढरांच्या डब्याला लाल चिंधी बांधलेली आहे, कारण अंधारात हात चुकतो.

दुसऱ्या दिवशी वस्तीवरचे धनगर आण्णा भेटायला आले. मेलेल्यांचं काही बोलले नाहीत. कुंपणाला वळसा घालून आले आणि म्हणाले, "मेंढरू तोंडानं न्हाई, पायानं पोसतंय. दिसभर हिंडीव की त्याला." तेव्हापासून मेंढरं सकाळी माळावर जातात. संध्याकाळी आधी तुरीचं भुसकट, वर शेवरीचा पाला, उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा, आणि पोट अर्धं भरल्यावरच खुराक, तोही दोन वेळांत विभागून.

त्या ईदेला घरी कुर्बानी झाली, पण दुसऱ्या मेंढ्याची. अम्मानं जनावरावर हात ठेवला नाही. एरवी ती ठेवते. आम्हाला ती रागावली असती तर बरं झालं असतं.

म्हाताऱ्या बैलाची गोष्ट वेगळी. सर्जा अब्बांचा. मार्च २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. कायद्याबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. आमच्यापुरता त्याचा अर्थ एवढाच झाला की म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक उरलं नाही, आणि आमच्या नावाच्या माणसानं बैल टेम्पोत घालून रस्त्याला लागणं ही सोपी गोष्ट राहिली नाही. खरं सांगायचं तर अब्बांनी तो विकलाही नसता. पण २०१८ साली अब्बा गेले आणि चाऱ्याच्या वहीत सर्जाच्या नावापुढं फक्त खर्च उरला. त्याचे दात झिजले होते. कडब्याची पेंढी तो तोंडात घोळवायचा आणि चोथा करून टाकून द्यायचा. मग त्याच्यासाठी कुट्टी बारीक करायची, रात्री चुनी भिजत घालायची, सकाळी त्यात कोंडा आणि गुळाचं पाणी कालवायचं. गाईंना नसतील एवढे लाड. पेंडीचे भाव चढले त्या महिन्यात आमच्यातल्या एकानं वहीत सर्जाचा रकाना वेगळा काढला, दिवसाला किती रुपये जातात ते मांडलं. दुसऱ्या दिवशी त्यानंच ते पान फाडलं. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. २०२१ च्या बेंदराला त्याची शिंगं रंगवली होती. त्यानंतर महिन्याभरात तो गेला, गव्हाणीत तोंड घालूनच.

आता मेंढरांचा खुराक अम्मा मोजते. घरात डिजिटल वजनकाटा आहे, पण तिचा विश्वास तिच्या सासूच्या पितळी मापट्यावर. आम्ही भरडा काट्यावर तोलून मापट्यात ओतला आणि जिथं आला तिथं आतून खिळ्यानं रेघ मारून दिली. मका वाढवायचा असला तर आठवड्यानं एक रेघ वर. आत्ता सहा रेघा आहेत. सहावीच्या वर ती जात नाही.

मागे एका ईदेआधी व्यापारी आला. एकेक नर मागच्या पायांत उचलून बघितला. "पलीकडच्या गावातले तीन-तीन किलो जास्त आहेत," म्हणाला, आणि भाव पाडला. आम्ही दोघांनी अम्माकडं बघितलं. ती मापट्यात रेघेच्या वर आलेला भरडा बोटानं परत गोणीत ढकलत होती.

"हां, हलके हैं," ती मान वर न करता म्हणाली. "लेना है तो लेव."