सोळा चिपांची पट्टी

कंधारला रेल्वे नाही. गावात न मिळणारी वस्तू हवी असेल तर लोह्यावरून नांदेड गाठायचं. तिथेही हात हलवत यावं लागलं तर देवगिरी एक्सप्रेसमध्ये बसून सिकंदराबाद. एवढी पायपीट मी करतो ती सव्वापाच इंच लांबीच्या एका हिरव्या पट्टीसाठी. ती पट्टी म्हणजे रॅम.

ती हवी आहे माझ्या मित्राच्या डीटीपीच्या मशीनला. हे मशीन इंटेलच्या १९९८ सालच्या ४४०बीएक्स चिपसेटवर चालतं. आज ते कुणी फुकट दिलं तरी घेणार नाही. पण तालुक्यातल्या लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, पदरमोड करून छापलेले कवितासंग्रह असं सगळं त्याच्या पोटात आहे. सगळं पेजमेकरमध्ये आणि युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत. ते फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की ओव्यांच्या जागी रोमन अक्षरांचा चुरा दिसतो. फॉन्टचं सॉफ्टवेअर तरी सुखासुखी चालतं का? मागच्या पॅरलल पोर्टमध्ये डोंगल खोचलं तरच ते जागं होतं, आणि नव्या मशीनांना तो पोर्टच नसतो. म्हणून जुनंच जगवायचं.

नांदेडच्या दुकानात पोरगं विचारतं, "काय शोधायलात सर?"

"एसडी रॅम. शंभर नाहीतर एकशे तेहतीसची."

ते हसतं, मग आतून एक खोकं आणून काउंटरवर पालथं करतं. ढिगातून एसडी वेगळी काढणं सोपं असतं. तिच्या कडेला दोन खाचा आणि १६८ पिना, नंतरच्या डीडीआरला एकच खाच आणि १८४ पिना. खरी परीक्षा त्यापुढे आहे.

२५६ एमबीची एसडी पट्टी दोन तऱ्हांची येते, आठ चिपांची आणि दोन्ही अंगांना मिळून सोळा चिपांची. आठवाली नवी आणि दिसायला सुटसुटीत. ती या मशीनला लावली की स्क्रीनवर १२८ उमटतं. पट्टी धडधाकट असते, पण चिपमधल्या प्रत्येक पेशीचा पत्ता ओळ आणि स्तंभ अशा आकड्यांत सांगावा लागतो, आणि ४४०बीएक्सला एवढ्या दाट चिपचे सगळे पत्ते सांगता येत नाहीत. अर्धी जागा मग बिनपत्त्याची पडून राहते. सोळावाली जुनी, जाडजूड पट्टी मात्र पुरती २५६ भरते. या मशीनला जास्तीचं देऊन उपयोग नाही, त्याला पेलेल तेच द्यावं लागतं. विंडोज ९८ चंही तसंच. रॅम ५१२ एमबीच्या वर गेली की ते कुरकुरायला लागतं.

मोठ्या वर्कस्टेशनांचे नखरे तर याहून भारी. सनचं अल्ट्रा ५ याच १९९८ सालचं. त्याच्याही पट्टीला १६८ पिनाच, पण आतली मेमरी ईडीओ जातीची आणि चुका दुरुस्त करणारी. ती जोडीनंच बसवावी लागते. आपल्या पीसीची एसडी तिथे चालायची नाही. सिलिकॉन ग्राफिक्सच्या इंडीला ७२ पिनांच्या पट्ट्या लागतात, त्याही चार-चारच्या संचात, सारख्या आणि पॅरिटीच्या. त्या काळच्या स्लॉटांत सोनं-कथलाचाही प्रश्न असे. सोन्याचा मुलामा असलेली पट्टी कथलाच्या स्लॉटात वर्षानुवर्षं राहिली तर जोडावर गंज धरतो. मग मशीन अधूनमधून मरतं आणि माणूस उगाच हार्डडिस्कला दोष देत बसतो. (खोडरबरानं पिना घासण्याचा आपल्याकडचा उपाय मी हसण्यावारी नेत नाही. तो पुष्कळदा लागू पडतो.)

कंधार परिसरात राष्ट्रकूटकाळातल्या क्षेत्रपालाच्या महाकाय मूर्तीचे सुटे अवयव सापडले आहेत. एका पावलावरून अभ्यासक उभ्या देहाचा अंदाज बांधतात. खोक्यातली पट्टी हातात आली की मीही तेच करतो. चिपवर बारीक अक्षरांत बहुधा वर्ष आणि आठवडा छापलेला असतो. ९९१४ म्हणजे १९९९ चा चौदावा आठवडा. चिपा मोजायच्या, खाचा बघायच्या, आठवडा वाचायचा, की ती कुठल्या पिढीच्या मशीनमधून उपसली असेल ते कळतं. फक्त कुणाच्या टेबलावरून, कुठल्या गावातून आली ते कळत नाही. भंगारवाल्याला त्याची गरज नसते. तो पट्ट्या किलोवर घेतो, पिनांवरच्या सोन्यासाठी.

तुमच्या माळ्यावर असं एखादं मशीन असेल तर ते विकण्याआधी दोन कामं करा. डोंगल चालतंय तोवर सगळ्या फाइली उघडून त्यांच्या पीडीएफ काढून ठेवा. आणि रॅमच्या पट्ट्या काढून, प्रत्येकीला ती कुठल्या मशीनची हे लिहिलेली चिठ्ठी बांधून, गावातल्या कुठल्याही डीटीपीवाल्याकडे द्या. नांदेड, लातूर, उदगीर, कुठेही चालेल. घेणारा भेटेल.