कंकालेश्वराचें निळें चित्र

बीडास जाण्याचा योग मला अनेकदां आला. परंतु गेल्या पौषांतील प्रवासाचा हेतु निराळा होता. तेथील कंकालेश्वराचें पुरातन देवालय कुंडाच्या मध्यभागीं उभें आहे. जल निश्चल असलें म्हणजे बिंब कोणतें आणि प्रतिबिंब कोणतें, असा क्षणभर भ्रम पडतो. महाशिवरात्रीस येथें यात्रा भरते. तीन वर्षांपूर्वीं त्या यात्रेंत माझ्या पुतण्यानें मोबाईलवर माझ्या सहधर्मिणीचें छायाचित्र टिपलें. तें अखेरचें ठरलें.

आमच्या घरांत प्रत्येकाच्या मोबाईलमध्यें सहस्रावधि चित्रें आहेत. पण कागदावर हिचें एकहि नव्हतें. पुढें तो मोबाईल बिघडला व सारीं चित्रें गेलीं. हें एवढें सूनबाईला पाठविलें होतें, म्हणून वाचलें. तें आतां कागदावर उतरावें, आणि जेथें घेतलें तेथेंच उतरावें, असा हट्ट मीं धरला.

पुतण्यानें योजिलेली रीति १८४२ सालची. इंग्लंडांतील ज्योतिर्विद जॉन हर्शेल यांनीं ती शोधिली. तिला सायनोटाइप म्हणतात. इंजिनिअरांचे निळे नकाशे पूर्वीं याच रीतीनें निघत. लोहाचे दोन क्षार पाण्यांत कालवून अंधाऱ्या खोलींत कागदास लेपावयाचे. संगणकावर काळ्याचें पांढरें व पांढऱ्याचें काळें करून चित्राची उलट प्रत पारदर्शक फिल्मवर छापावयाची. ती कागदावर ठेवून, वर कांच दाबून, उन्हांत धरावयाची. ऊन लागेल तेथें निळा रंग जडतो. उरलेले क्षार पाण्यानें निघून जातात. नव्या यंत्रास जुन्या सूर्यनारायणाचें साहाय्य, तें असें.

लेप दिलेले कागद काळ्या वेष्टणांत नेले होते. कुंडाचें पाणी नासूं नये म्हणून बादलीहि बरोबर घेतली. पहिल्या खेपेस मींच घाईनें कांच उचलली; चित्र अगदीं फिकें निघालें. शिष्यांस आयुष्यभर धीराचा उपदेश करणारा मी मनांत ओशाळलों. दुसऱ्या खेपेस पुतण्यानें मला पायरीवर बसविलें. पाण्यांत कागद बुडतांच पिवळट रंग सुटला. आधीं देवळाचे खांब, मग पदराचा कांठ, आणि शेवटीं मुख दिसूं लागलें. आम्ही दोघेहि कांहीं बोललों नाहीं.

हें चित्र भिंतीवर लावावयाचें ठरलें होतें. परंतु प्रखर प्रकाशांत तें विटतें आणि अंधारांत ठेविल्यास रंग पुष्कळसा परत येतो, असा त्याचा स्वभाव आहे. म्हणून तें हिच्या पेटींत लुगड्यांखालीं ठेविलें आहे. सणावारीं काढतों, सर्वांस दाखवितों, आणि पुनः ठेवून देतों.