हात गार, तरी आग

ठेच्यासाठी लवंगी मिरच्या मी हातानेच मोडल्या. अर्ध्या तासात बोटं भगभगायला लागली. हात थंड पाण्यात बुडवला, काढून गालाला लावला. गालाला तो गारच लागला. बोटांना मात्र निखारा धरल्यासारखी आग! मला काही कळेना. खोटं कोण बोलत होतं, बोटं की गाल?

भाची जीवशास्त्र शिकते. मिरचीतलं कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही म्हणून तिने आधी तेल चोळायला लावलं, मग साबण.

"मावशी, मज्जातंतूच्या टोकाला प्रथिनांची दारं असतात. त्यातलं एक, टीआरपीव्ही१, साधारण ४३ अंशांना उघडतं. मिरचीनेही तेच उघडतं."

"पण मग तापमान मोजतं कोण?"

"कोणीच नाही. दार उघडलं की सोडियम, कॅल्शियम आत शिरतं, विजेची लहर निघते. दार कशाने उघडलं, हे मेंदूला कळत नाही."

हे पचायला मला दोन दिवस लागले. कातडीत काहीतरी थर्मामीटर असणार, असंच मी धरून चालले होते. मग तिने शोधाची हकीकत सांगितली. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत शोध चालला होता तो मिरचीचा. संवेदी मज्जापेशींमधली हजारो जनुकं त्यांनी मिरचीला दाद न देणाऱ्या पेशींत थोडी थोडी घालून पाहिली. शेवटी एका जनुकाने त्या पेशी मिरचीला दाद देऊ लागल्या. आणि तेच प्रथिन उष्णतेनेही उघडतं, हे लक्षात आलं! साल १९९७. नोबेल मिळालं २०२१ मध्ये, आर्डेम पातापूटियन यांच्यासोबत. पुदिन्याच्या मेंथॉलने आणि गारव्याने उघडणारं दार वेगळं, टीआरपीएम८.

"मिरचीचा रेणू प्रथिनाच्या खाचेत बसतो. पण उष्णता कुठे बसते?" मी विचारलं.

"त्यावर अजून वाद चालू आहे, मावशी."

एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञांनाही माझाच प्रश्न पडलाय, हे ऐकून मला फार धीर आला.

जाता जाता ती म्हणाली, ४३ हा आकडाही पक्का नाही. कातडी सुजली, भाजली की दार कमी तापमानालाच उघडतं. तेव्हा मला मुलगा आठवला. सिंहगडावरून उन्हाने पाठ लाल करून आला होता. अंघोळीला बसला आणि कोमट पाणी चटकतंय म्हणून ओरडला. मी बादलीत हात घालून म्हटलं होतं, "नाटकं करू नकोस."

त्याला रात्री फोन केला.