मांडवपरतणी

डिसेंबरच्या अखेरीस, पहाटे तीनच्या सुमारास, गाझियाबादच्या घरातून विमानतळाकडे निघाले तेव्हा बाहेर दाट धुके होते. टॅक्सीवाला दार उघडून उभा होता. आईने हातावर दही घातले आणि एवढेच म्हणाली, "जाऊन ये. मांडवपरतणीला उशीर करू नकोस." तिच्या वयाची आई, एकुलती एक मुलगी, आणि पारपत्रावर चिकटवलेला अमेरिकेच्या कायम वास्तव्याचा व्हिसा, अशा वेळी काय बोलले जाईल याची मनाशी पुष्कळ तयारी मी केली होती. त्या तयारीत हा शब्द नव्हता.

मांडवपरतणी हा शब्द आता माझ्या विद्यार्थ्यांना समजावून द्यावा लागतो. लग्न लागले की नवरी सासरी जाते, पण ते जाणे अखेरचे नव्हे. मांडव उतरण्यापूर्वी ती एकदा त्याच मांडवात परत येते, चार दिवस राहते, आणि मग खरोखरीची नांदायला जाते. दोन जाण्यांच्या मधले हे येणे असते. आमच्या लग्नात मांडव म्हणून काही नव्हताच. दोघांचीही चाळिशी उलटलेली. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार आणि रजिस्टरवर सह्या, एवढाच सोहळा. माझे पती शिकागोजवळच्या एका गावी शाळेत गणित शिकवतात आणि अनेक वर्षांपासून अमेरिकेचे नागरिक आहेत. लग्नानंतर तीन आठवड्यांनी ते परत गेले आणि मी शहादऱ्याच्या बाजूने मेट्रो पकडून पूर्ववत विद्यापीठात जाऊ लागले. तेव्हापासून व्हिसा हाती येईपर्यंत पावणेदोन वर्षे गेली. त्या काळात आमचा संसार बव्हंशी कागदोपत्रीच होता.

कागदांची हकीकत विस्ताराने सांगण्यात अर्थ नाही. ज्यांनी ती भोगली आहे त्यांना ती ठाऊक आहे, आणि इतरांना ती कंटाळवाणी वाटेल. गाझियाबादला स्वतःचे प्रादेशिक पारपत्र कार्यालय आहे. चारित्र्याचा दाखला तिथून मिळाला. त्यासाठी चौकशीला आलेल्या शिपायाला आईने चहा दिला आणि मुलीच्या चारित्र्याबद्दल तिच्या डॉक्टरेटपासून सुरुवात केली. वैद्यकीय तपासणीच्या वेळी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, मला गोवर आणि गालगुंडाची लस टोचून घ्यावी लागली. मुलाखत मुंबईस वांद्रे-कुर्ला संकुलात झाली. ती चार मिनिटांत आटोपली. पतीच्या शाळेचे नाव विचारले, आम्ही कुठे भेटलो ते विचारले. आम्ही एका ग्रंथालयाच्या रांगेत भेटलो होतो; ते खरे होते, म्हणूनच सांगताना बनावट वाटत होते.

व्हिसा मिळाला आणि खरा पेच सुरू झाला. असा व्हिसा सामान्यतः वैद्यकीय तपासणीपासून सहा महिने चालतो. माझी मुदत पाच फेब्रुवारीला संपत होती. विद्यापीठातली माझी अभ्यागत प्राध्यापकाची नेमणूक मेअखेरपर्यंत. दोन विद्यार्थिनींचे प्रबंध शेवटच्या प्रकरणाशी अडलेले. आणि घरात आई. मुदतीत त्या भूमीवर पाऊल ठेवले नाही तर सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागले असते. मात्र कायद्यात एक वाट आहे, आणि ती अनेकजण वापरतात. मुदतीच्या आत एकदा जायचे, शिक्का उमटवून घ्यायचा, परत येऊन इथला पसारा आवरायचा, आणि मग कायमचे जायचे. हिवाळ्याच्या सुटीत मी तेच केले. जाण्यापूर्वी २३५ डॉलर भरले (२०२४ पासून शुल्क एवढे झाले आहे), आणि तीन आठवड्यांचे परतीचे तिकीट काढले. स्थलांतर करणाऱ्याने परतीचे तिकीट काढावे यात काहीतरी विपरीत आहे असे तेव्हा मला वाटले होते. आईला वाटले नाही.

व्हिसाच्या कागदावर एक ओळ छापलेली असते. प्रवेशाचा शिक्का पडला की हाच कागद एक वर्षापर्यंत कायम वास्तव्याचा तात्पुरता पुरावा समजावा, असा तिचा आशय. 'कायम'चा 'तात्पुरता' पुरावा! यावर आणखी एक कडी आहे. प्रवेशाच्या दिवशी लग्नाला दोन वर्षे पुरी झाली नसतील तर मिळणारे कायम वास्तव्य हे 'सशर्त' असते. दोन वर्षे सरत आली की पतिपत्नींनी मिळून अर्ज करायचा आणि विवाह खरा असल्याचे पुन्हा दाखवून द्यायचे. आमच्या लग्नाला दोन वर्षे वीस फेब्रुवारीला होणार होती, आणि व्हिसा संपत होता पाच तारखेला. पंधरा दिवसांनी आम्ही बिनशर्त होण्याचे हुकलो. आयुष्यभर शब्दांच्या अर्थच्छटांवर पोट भरलेल्या बाईला 'सशर्त कायम' या पदाची गंमत वाटायला हवी. शिकागोच्या विमानतळावर बोटांचे ठसे देताना मात्र ती वाटली नाही.

तिथल्या अधिकाऱ्याने पारपत्र उलटून पाहिले. तरुण होता, थकलेला होता. त्याने विचारले, "किती सामान आणलंत?" मी म्हणाले, एक पेटी. "बाकीचं?" बाकीचे गाझियाबादला आहे, आवरायला परत जाणार आहे, असे मी सांगितले. त्याने शिक्का मारला आणि म्हणाला, "मग लवकर आवरा." आवाजात धमकी नव्हती, उलट थोडी आपुलकीच होती. पण घरी जाताना बर्फाच्या कडेने जाणाऱ्या त्या लांबलचक रस्त्यावर तेच दोन शब्द माझ्या मनात घोळत राहिले.

कारण आवरायला किती दिवस, याचे गणित कायद्याने घालून दिलेले आहे. एकशेऐंशी दिवसांच्या आत परतलात तर सहसा कोणी अडवत नाही. त्याहून अधिक काळ बाहेर राहिलात तर तुम्ही जणू नव्यानेच प्रवेश मागत आहात, असे मानता येते. वर्ष उलटले की हातातले कार्ड परतण्यासाठी निरुपयोगी ठरते. आणि दिवसांच्या पलीकडे हेतू पाहिला जातो: घर कुठे, नोकरी कुठे, कर कुठे भरता. माझ्या गाझियाबादच्या बँकेतल्या मुदतठेवीच्या व्याजाचा हिशेबही आता मला तिथे द्यावा लागेल. दोन वर्षांपर्यंत बाहेर राहण्याची सोय करून देणारा परतीचा परवाना असतो; त्याचा अर्ज मात्र तिथे असतानाच करावा लागतो. पतींनी तो अर्ज भरून ठेवला होता, सही तेवढी माझी व्हायची होती. मी ती केली नाही. ते काही बोलले नाहीत. का केली नाही, ते त्यांना मी नंतर फोनवर सांगितले: तो परवाना हाती असता तर मी गेलेच नसते.

त्या तीन आठवड्यांविषयी लिहिण्याजोगे थोडे आहे. शेजारच्या बाई केक घेऊन आल्या. एका रविवारी मराठी मंडळींकडे जेवण झाले. बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९८१ साली याच शिकागोत झाली, हे तिथे मला तिघांनी वेगवेगळे सांगितले. पुरणपोळी उत्तम होती. घरात माझ्यासाठी एक कपाट रिकामे करून ठेवले होते. त्यात माझे चार कपडे फार एकाकी दिसत. मी तिथे पाहुणी नव्हते आणि घरचीही नव्हते. स्वयंपाकघरात मीठ कुठे आहे हे मी शेवटच्या दिवसापर्यंत विचारत होते.

मराठीत राहणे आणि नांदणे यांत भेद आहे. माणूस धर्मशाळेत राहतो, वसतिगृहात राहतो. नांदतो फक्त घरात. घर नांदते, गोकुळ नांदते. त्या अधिकाऱ्याच्या कायद्याला माझे राहणे नको आहे, नांदणे हवे आहे; पण त्याच्याजवळ त्यासाठी शब्द नाही, म्हणून तो दिवस मोजतो. कायद्याने बायकोचे नांदणे मोजावे, हे काही नवे नाही. १८८७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने रखमाबाईंना नवऱ्याकडे नांदायला जाण्याचा हुकूम केला आणि न गेल्यास सहा महिन्यांच्या कैदेची शिक्षा समोर ठेवली. त्या गेल्या नाहीत. पुढच्या वर्षी तडजोड झाली, आणि नंतर त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या. माझी गोष्ट त्याच्या जवळपासही जात नाही. मला कोणी ओढून नेत नाही. मला जायचे आहे. तरीही नांदायला जाण्याची मुदत सरकारी कागदावर वाचताना मला त्या खटल्याची आठवण झाली.

विवाह आणि नागरिकत्व यांची गाठ अमेरिकेत किती विचित्र रीतीने मारली गेली होती, याचे उदाहरण मला एका वकिलाच्या चरित्रात सापडले. सखाराम गणेश पंडित यांना १९१४ साली कॅलिफोर्नियात नागरिकत्व मिळाले. भगतसिंग थिंद यांची बाजू सर्वोच्च न्यायालयात मांडणारे हेच. १९२३ साली तो खटला हरला, हिंदी माणूस 'गोरा' नव्हे असे ठरले, आणि मग खुद्द पंडितांचेच नागरिकत्व काढून घेण्याचा दावा सरकारने लावला. त्यांची पत्नी जन्माने अमेरिकन. नवरा परका ठरला तर त्या काळच्या कायद्याने तिच्या नागरिकत्वावरही गदा येणार होती. पंडित ते प्रकरण लढले आणि जिंकले. म्हणजे एके काळी तिथे बायकोचे स्वतःच्या जन्मभूमीतले स्थानही नवऱ्याच्या वर्णावर ठरत होते. आज मला माझे स्थान पतीच्या नागरिकत्वामुळे मिळते आहे. दिशा उलटली आहे हे खरे, पण दोरी तीच आहे.

विभागात झालेल्या छोटेखानी समारंभात एका सहकाऱ्याने माझी तुलना आनंदीबाई जोश्यांशी केली. मी दुरुस्ती केली नाही. आनंदीबाई नवऱ्याच्या आधी गेल्या, शिकायला गेल्या आणि परत आल्या; तुलना एकाही ठिकाणी जुळत नाही. तौलनिक साहित्याच्या विभागात असे व्हावे, असो.

परत आले तेव्हाही धुकेच होते. पेटी उघडण्यापूर्वीच आईने मला तिच्या लग्नाची गोष्ट सांगितली. ती मी शंभरदा ऐकली होती, पण तिचा एक भाग तिने आजवर कधी सांगितला नव्हता. १९७५ साली वाईला तिचे लग्न झाले. वडील भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या गाझियाबादच्या कारखान्यात नुकतेच लागले होते आणि रजा होती दहा दिवसांची. तिसऱ्या दिवशी मुंबई गाठून पंजाब मेलने दोघे निघाली. दीड हजार किलोमीटर. मांडवपरतणी झाली नाही. ती माहेरी गेली ती चौदा महिन्यांनी, धाकट्या बहिणीच्या लग्नाला. "अंगणात शिरले तर आमची मुहूर्तमेढ अजून तशीच उभी," आई म्हणाली. "सगळा मांडव उतरला होता, पण ती एक मेढ तुझ्या आजीनं कुणाला काढू दिली नव्हती. म्हणे, पोरगी परतली नाहीये अजून. बुडाशी वाळवी लागली होती. दुसऱ्या लग्नाला नवीन मेढ रोवली, तेव्हा ती काढली."

मी विचारले, "तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? माझं लक्ष परतीच्या तिकिटाकडं. घरी तुझ्या बाबांचे जेवणाचे हाल चालले होते."

आईला तिकडे नेण्याचा मार्ग कायद्यात आहे, पण तो लांबचा आहे. आईवडिलांसाठी अर्ज फक्त नागरिकाला करता येतो. नागरिकाशी विवाह झालेल्या व्यक्तीला तीन वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्व मागता येते. मग अर्ज, मग त्याची वाट पाहणे. आई बहात्तर वर्षांची आहे. पर्यटक म्हणून महिनाभर ये, असे पतींनी तिला किती वेळा विनवले. ती जावयाला म्हणाली, "येईन की. पण मग इकडं तुम्ही आल्यावर दार कोण उघडेल?" त्यांना ते विनोदी वाटले. मला त्याचा अर्थ कळला. गाझियाबादचे हे दोन खोल्यांचे घर तिच्या हातचे आहे. गाझीउद्दीन नावाच्या वजिराने १७४० साली वसवलेले गाझीउद्दीननगर पुढे आखूड होऊन गाझियाबाद झाले. तशी वाईची एक मुलगी इथे पन्नास वर्षांत आटोपशीर होऊन राहिली आहे. हिंडनच्या काठावर तिला कृष्णा कधी दिसली नाही, पण तिने तक्रारही केली नाही.

या सत्रात मी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' शिकवते आहे. नवऱ्याने धर्म बदलल्यानंतरची ताटातूट आणि पुन्हा त्याच्या घरी जाणे, हा भाग आला की वर्ग नेहमी रंगतो. यंदा एका मुलीने विचारले, "बाई, त्या परत गेल्या तेव्हा त्यांनी काय मागे ठेवलं?" प्रश्न चांगला होता. मी उत्तरादाखल सोवळेओवळे, माहेर, जात असे काही सांगत गेले. तास संपला. उत्तर अपुरे आहे हे तिला कळले असावे.

माझे कार्ड मार्चमध्ये टपालाने आले. ते तिथल्या पत्त्यावरच येते. पतींनी फोनवरून त्याचे चित्र दाखवले: मी नसलेल्या घरी माझे कायम वास्तव्य पोहोचले होते. ते त्यांनी मिठाच्या बरणीमागे ठेवले आहे, म्हणजे निदान मीठ कुठे आहे ते तरी माझ्या लक्षात राहील, असे म्हणाले.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयाची पाने चाळताना आषाढात एका तारखेभोवती लाल पेन्सिलीचे वर्तुळ दिसले. आधी मला ती एखादी पुण्यतिथी वाटली. मग मोजून पाहिले. शिकागोहून निघाल्यापासूनचा तो बरोबर एकशेऐंशीवा दिवस होता. त्याच्या आठ दिवस अलीकडे दुसरे, लहान वर्तुळ होते. आईला कायद्याचे हे कलम मी कधी समजावले नव्हते. बहुधा जावयाला विचारले असेल.

"हे लहान काय आहे?" मी विचारले.

"तिकीट त्या दिवसाचं काढ," ती म्हणाली. "शेवटच्या दिवशी गाडी धरणारी माणसं मला आवडत नाहीत. आणि तुझ्या खोलीला जूनपासून दोन मुली येतायत, नर्सिंगच्या. पुस्तकं तेवढी त्याच्या आधी हलव."

टेबलाचे काय करायचे, असे मी विचारले. ते राहू दे, म्हणाली.