छंदाचा हंगाम

लेखन हे ज्याचं मुख्य काम, त्याने पेटी शिकावी का, जलरंगांत हात घालावा का, गावच्या हौशी नाटकात उभं राहावं का? या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरीव उत्तरं मिळतात. एक म्हणजे, एक ना धड भाराभर चिंध्या. हाती घेतलंय तेवढंच नीट कर. दुसरं मवाळ: वेळ उरला तर जरूर कर. पहिलं उत्तर कठोर असलं तरी प्रामाणिक आहे. दुसऱ्याने जास्त नुकसान होतं, कारण मुख्य कामातून वेळ कधी उरतच नाही. लेख पुरा झाला तरी पुन्हा लिहावासा वाटतो, पुस्तक छापून आलं की पुढचं डोक्यात घोळू लागतं. उरलेल्या वेळेवर सोडलेला छंद त्यामुळे मरतो, किंवा चोरून करावा लागतो आणि त्यातला आनंद अपराधीपणात बुडतो. माझं म्हणणं असं, की छंदाला उरलेला वेळ नको, ठरलेला हंगाम हवा. आणि हंगाम सरल्यावर त्याच्याकडे पिकाचा हिशेब मागू नये.

याला मोठा आधार रत्नागिरी जिल्ह्यातल्या नमन आणि जाखडीचा आहे. या कला शेतकऱ्यांनी, त्यातही कुणबी समाजाने जपल्या. शिमग्यात पालखी घरोघर फिरते तेव्हा नमनाचे खेळे निघतात. मृदंगावर थाप पडते, गण होतो, गवळण होते, मावशी आणि संकासुर येतात, मग वग रंगतो. तेव्हा भात घरात आलेलं असतं आणि पेरणीला अवकाश असतो. जाखडी गणपतीत नाचतात. तेव्हा लावणी आटोपलेली असते आणि कापणी अजून पुढे असते. दोन कष्टांच्या मधली ही जागा आपोआप रिकामी पडलेली नाही, गावाने ती राखून ठेवली आहे. मुंबईच्या गिरणीत गेलेला चाकरमानीसुद्धा याच दोन सणांना गावी येत राहिला, त्यासाठी रजा साठवत राहिला. आणि हौस म्हणजे गबाळेपणा, असंही तिथे कोणी मानलं नाही. जाखडीतल्या शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात समोरच्या शाहिराचा सवाल अंगावर आला की पुराणातला दाखला देऊन जबाब द्यावा लागतो. तयारी पुरी लागते. फक्त त्या रात्रीच्या हार-जितीवर चूल पेटणं अवलंबून नसतं.

यावर आक्षेप येईल की शेतकऱ्याचं अंग थकतं आणि कला त्याला विसावा देते. लेखकाचं मनच थकतं, आणि छंदही तेच मन वापरतो. आक्षेप रास्त आहे, पण मन सगळ्या कामांत एकाच ठिकाणी झिजत नाही. पु. ल. देशपांडे यांचं उदाहरण पाहावं. आपल्या ‘अंतू बर्वा’ या व्यक्तिचित्राला त्यांनी रत्नागिरीतच वसवलं. १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’ या चित्रपटाला संगीत त्यांचंच होतं, म्हणजे एके काळी संगीत हा त्यांचा व्यवसायही होता. पुढे चित्रपट मागे पडला, लेखन आणि रंगमंच हे मुख्य काम झालं, तरी पेटी सुटली नाही. ती मित्रांच्या मैफलीत वाजत राहिली. अंतूच्या तिरकस वाक्यांतले थांबे वाचताना मला त्यामागे लय जाणणारा कान दिसतो. तरीही ‘पेटी वाजवा, संवाद सुधारतील’ असा धडा त्यातून काढू नये. त्या हेतूने वाजवलेली पेटी लेखनाचीच वेठबिगार होते, आणि मनाला मोकळीक देण्याचा तिचा गुण तिथेच संपतो.

दुसरा आक्षेप एकाग्रतेचा. घराण्याचा गवई आयुष्य रियाजात घालवतो, तेव्हा कुठे सूर लागतो. मुख्य कलेचा पाया घातला जात असताना हे मला मान्य आहे. त्या वर्षांत छंद बऱ्याचदा पळवाट ठरतो: अवघड प्रकरण आलं की रंग काढावेत, शब्द अडले की पेटी उघडावी. हंगाम ठरवण्याची गरज नेमकी इथेच आहे. ठरल्या दिवशीच छंदाकडे जायचं असेल, तर अडलेल्या दिवशी पळून जायला जागा उरत नाही. पण पाया पक्का झाल्यावर धोका उलटा असतो. हात सरावतो, चुका कमी होतात आणि त्याबरोबर धाडसही. रवींद्रनाथांच्या हस्तलिखितांत खोडलेल्या ओळी जोडता जोडता आकृती उमटू लागल्या; साठी ओलांडल्यावर ते चित्रांकडे पुरते वळले आणि १९३० मध्ये पॅरिसला त्यांचं प्रदर्शन भरलं. कवितेत जगन्मान्य झालेल्या माणसाला चित्रात कुणाच्या अपेक्षा पुऱ्या करायच्या नव्हत्या. त्या रेषांचा मोकळेपणा मला तिथून आलेला वाटतो.

पण छंद इतका वाढला, की तो लोकांपुढे आला, तर? आज नमनाचे आणि शक्ती-तुऱ्याचे प्रयोग मुंबईच्या नाट्यगृहांत तिकीट लावूनही होतात. त्यात गैर काही नाही. कलावंताला मोबदला मिळालाच पाहिजे. मात्र तिकीट लागलं की प्रेक्षकाला हिशेब मागायचा हक्क येतो. हे पाऊल कळून-सवरून टाकावं. काढलेलं प्रत्येक चित्र त्याच दिवशी चारचौघांना दाखवणारा माणूस हेच पाऊल नकळत टाकत असतो, आणि आनंद का आटला हे त्याला उमगत नाही. म्हणून लिहिणाऱ्याने वर्षाचं काम आखतानाच छंदाचे दिवस आखावेत: हस्तलिखित प्रकाशकाकडे गेल्यानंतरचा महिना, किंवा आठवड्यातली एक संध्याकाळ. त्या दिवसांत मन लावून शिकावं, चुकावं, आणि ते कुणापुढे मांडायची घाई करू नये. मुख्य कलेत आपण वाचकाला बांधलेले असतो, आणि ते बंधन मोलाचं आहे. ते वर्षानुवर्षं न कुरकुरता निभवायचं, तर नवशिक्या राहण्याचा हक्क एखाद्या कलेत तरी आपण स्वतःसाठी राखलाच पाहिजे.