दोराचे पैसे

बेफिकिरीने संकटात पडलेल्या माणसाला सोडवायला जो खर्च येतो, तो त्याच्याकडूनच वसूल करावा की नाही? हा प्रश्न दर पावसाळ्यात आमच्या शिक्षकांच्या खोलीत एकदा तरी निघतोच. आमचे गाव मावळात, किल्ल्यांच्या पायथ्याशी. आषाढसरी सुरू झाल्या की शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची मंडळी धबधब्यांखाली अशी दाटी करतात, की पाण्याला खाली यायला वाट मिळते हेच नवल. मग सोमवारी कोण कुठल्या घळीत अडकले, कोणाला किती वाजता वर काढले, या बातम्या घेऊनच मुले वर्गात येतात.

आमचे गणिताचे मास्तर त्या दिवशी हमखास हिशेब मांडतात. "वीस माणसे, दोर, जीपचे पेट्रोल, बुडालेली मजुरी. बेरीज करा आणि बिल हातात ठेवा. पुढच्या खेपेला पाय टाकण्याआधी खिसा आठवेल!"

हिशेब चोख आहे. तानाजीच्या मावळ्यांचे परतीचे दोर कापले गेले होते. ही पोरे मुळात दोरच नेत नाहीत! राग मलाही येतो. परंतु ज्याची मजुरी बुडते, त्याला कोणी विचारले आहे का?

मी विचारले. माझा एक जुना विद्यार्थी दुधाचा धंदा करतो, आणि हाक आली की कॅन खाली ठेवून सोडवणाऱ्यांच्या तुकडीबरोबर निघतो. पैसा घेत नाही. शाळेत असताना तो मागच्या बाकावर बसे व खिडकीतून किल्ल्याकडे पाही. ते पाहणे वाया गेले नाही म्हणायचे.

"गुरुजी, बिल लावू नका," तो म्हणाला. "आत्ता पोरं पाच वाजता फोन करतात. उजेड असतो, तासाभरात काम होतं. पैशाच्या भीतीनं आपली आपण उतरू म्हणत बसली, तर फोन येणार आठ वाजता. तोवर एखाद्याचा पाय मोडलेला असणार. मग अंधारात, शेवाळावर, दोराला लोंबकळणार कोण? मीच ना?"

आमच्या बेरजेत हा हातचा राहूनच गेला होता. अमेरिकेतल्या डोंगरी सुटकेच्या स्वयंसेवकांचाही बिलाला विरोध आहे, आणि कारण हेच.

तरी तिथल्या न्यू हँपशायर राज्याने आमच्या मास्तरांसारखाच विचार केला. निष्काळजीपणाने डोंगरात अडकलात, तर सुटकेचा खर्च सरकार तुमच्याकडे मागू शकते, असा कायदा तिथे २००८ पासून आहे. मात्र २०१५ पासून त्याच सरकारने २५ डॉलरचे एक कार्ड काढले. ते वर्षासाठी आधीच घेतले असेल, तर निष्काळजीपणाचे बिल माफ. उघड आडदांडपणाचे मात्र नाही. आता डोंगरात पडलेल्या माणसाचा निष्काळजीपणा कुठे संपला आणि आडदांडपणा कुठे सुरू झाला, हे कोणत्या फूटपट्टीने मोजायचे?

फ्रान्सची गोष्ट निराळी. १९५६ च्या डिसेंबरात दोन तरुण माँ ब्लाँ पर्वतावर अडकले. त्यांना आणायला गेलेले हेलिकॉप्टरच बर्फात कोसळले. त्यातली माणसे वाचली. ते दोघे तिथेच गेले. त्यानंतर, १९५८ साली, सरकारने हे काम अंगावर घेऊन खास पथक उभारले. त्या पथकाने डोंगरातून उचलून आणले, तर आजही बिल येत नाही.

आणि बेफिकीर तरी कोणाला म्हणावे? ३० जून २०२४ ला, रविवारी, लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात पाणी एकाएकी वाढले आणि एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यांत मुलेच अधिक. सहलीला आलेल्या त्या माणसांना आडदांड म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

बंदीचा हुकूम मोडून कड्याशी जाणाऱ्याला वाटेवरच अडवावे, दंडही करावा. माझी हरकत नाही. पण दरीतून हाक आली की पावतीपुस्तक मिटावे. आणि दोराचे पैसे? ते या पोरांनी स्वतःच्या खिशातून का भरावेत? दोराला एकदा जबर हिसका बसला, की त्यावर पुन्हा माणसाचा भार टाकत नाहीत. नवा घ्यावा लागतो. गडाखाली गाड्या उभ्या करण्याचे पैसे घेतात, त्यांतला वाटा दोराला का जाऊ नये? गणिताचे मास्तर हे ऐकून गप्प बसले. पटले म्हणून नव्हे, घंटा झाली म्हणून.

परवा तो विद्यार्थी रस्त्यात भेटला. आदल्या रविवारी एका पोराला वर घेतले, तर ते आभाराआधी म्हणाले, "दादा, माझा मोबाईल खाली राहिला."

"मग चांगला कान उपटलास ना?" मी विचारले.

तो ओशाळून हसला. "दोर लावलेलाच होता, गुरुजी. गेलो परत खाली."