दमण्याचे नियम

कागदावरच्या वीराला दमवावे कसे, हा प्रश्न सध्या आमच्या घरात गाजतो आहे. पुतण्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो. १९७४ साली अमेरिकेत निघालेला हा बैठा खेळ. फासे टाकायचे नि गोष्ट रचायची! २०१४ च्या नियमांत थकव्याच्या ६ पायऱ्या. तिसरीवर वार करताना दोनदा फासा टाकून हलके दान घ्यायचे, पाचवीवर पाऊल उचलत नाही, सहावीवर मरण. रात्रभर झोपले तरी उतरते एकच पायरी. २०२४ मध्ये हिशेब सोपा झाला : दर पायरीला दानातून २ वजा.

पुतण्याला हे निर्दय वाटते. मला अगदी खरे वाटते. पण दमण्याची नुसती शिक्षाच असली, तर धावेल कोण? म्हणून आम्ही ठरविले : थकवा आपणहून विकत घ्यावा. एक पायरी चढा, एक फासा जास्त टाका.

अडले एका ठिकाणी. जखमी सोबत्याला पाठुंगळी घेणाऱ्याच्या पायऱ्या मोजायच्या कोणी? "ज्याच्या त्याने," पुतण्या म्हणाला. चकल्यांचा तिसरा घाणा काढता काढता वहिनी म्हणाल्या, "त्याला सवड कुठली, भावजी?"

वहीतली ती ओळ अजून कोरी आहे.